ट्रॉली आमच्या हाकेवर यावी : कोल्हापुरातल्या एका सुपरमार्केटच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

माननीय संचालक मंडळ आणि शाखा व्यवस्थापक साहेब,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कोल्हापूर शाखेत स्टाफरूमच्या दाराशेजारी, हजेरीच्या मशीनवर, एक कागद चिकटवलेला आहे. एकच पान, तेही इंग्रजीत. येत्या तिमाहीपासून रॅकवर माल भरण्याच्या कामी फिरते रोबोट येणार आणि त्यानुसार माल लावणाऱ्या टीमची पुनर्रचना होणार, एवढंच त्यात आहे. कोण राहणार, कोण जाणार, कुणाची शिफ्ट बदलणार, यातलं काही नाही. फ्लोअर मॅनेजरांना विचारलं तर ते छताकडे बोट दाखवून "वरून आलंय" म्हणतात. वर म्हणजे नेमकं कुणाला विचारायचं, हे त्यांनाही ठाऊक नाही. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. पत्र आपल्याला आहे हे तुम्हाला कळेलच. गावातल्या बाकीच्या मॉलवाल्यांनीही ते वाचावं, कारण आज तुमच्याकडे आलं ते उद्या त्यांच्याकडे येणार.

मी किराणा सेक्शनला माल लावते. दुकान उघडलं तेव्हापासून हेच काम: डाळी, आटा, तेल, मसाले. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डर होते, भाऊ उद्यमनगरात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर, आहे. "बायकांना मशीनची भीती वाटते, हळूहळू सवय होईल," असं मीटिंगमध्ये बोललं गेलं तेव्हा मला हसू आवरेना. शाहू महाराजांनी 1906 साली इथं कापडगिरणी घातली. ऑइल इंजिनापासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत काय काय या गावात ओतलं आणि घडवलं जातं. मशीन आलं की आधी त्याचं झाकण उघडून बघणारी माणसं आहोत आम्ही.

तेव्हा रोबोटला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून टाकते. तेलाचे 15 किलोचे डबे भरलेली ट्रॉली गोडाऊनच्या उतारावरून फ्लोअरपर्यंत आणणं काय असतं, ते एकदा येऊन करून बघा. एक चाक हमखास अडतं, ट्रॉली डावीकडे ओढते आणि वळणावर सगळा भार मनगटावर येतो. ते काम मशीननं करावं. आजपासून करावं.

प्रश्न त्यापुढचा आहे. तुम्ही आम्हाला व्हिडिओ दाखवलात. चाकं लावलेला एक चपटा डबा सरपटत येतो, ट्रॉलीखाली शिरतो, तिला जरा उचलतो आणि नेऊन बरोबर रॅकसमोर उभी करतो. छान. व्हिडिओ तिथंच संपतो. आमचं काम तिथून सुरू होतं. खोकी फोडायची. रॅकवरचा जुना माल पुढं ओढायचा, नवा मागं सरकवायचा, प्रत्येक थराची तारीख बघायची. तुरीच्या डाळीच्या थप्पीत एखादं पाकीट शिवणीला उसवलेलं असतं, ते बोटांना डाळीची पूड लागली की कळतं. ते काढलं नाही तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कप्प्यात किडे. किमतीची पट्टी नव्या एमआरपीची आहे का ते बघायचं, नसेल तर काउंटरवर भांडण होतं आणि शिव्या कॅशियर पोरगी खाते. मग पुढची ओळ सरळ करायची, त्याला आम्ही फेसिंग म्हणतो. हे सगळं चालू असताना पाठीमागून कुणीतरी विचारतंच, "मावशी, हिंग कुठं ठेवलाय वो?" की उठायचं आणि हिंगापर्यंत नेऊन सोडायचं.

यातलं एकही काम तुमचा डबा करत नाही. तो ओझं वाहतो. तरी त्या कागदात त्याची गणती माणसांच्या जागी केली आहे. आमची पहिली हरकत हीच.

दुसरी हरकत यापेक्षा मोठी आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. आज ट्रॉली संपली की आम्ही दुसरी आणायला गोडाऊनला जातो. जाताना हात रिकामे असतात, तेवढाच वेळ पाठ सरळ होते, वाटेत घोटभर पाणी पिता येतं. खालच्या कप्प्यासाठी वाकणं, वरच्या कप्प्यासाठी टाचा उंचावणं, यात मोडणारा तो एकच खंड आहे. आता एक ट्रॉली संपायच्या आत दुसरी येऊन उभी राहणार. म्हणजे ढकलण्याचा त्रास गेला, पण वाकणं सलग झालं. त्यात "तासाला अमुक खोकी" असं नवं टार्गेट येणार, हे मॅनेजरांच्या तोंडून निसटलंच आहे.

हा माझ्या मनाचा खेळ आहे असं वाटत असेल, तर ॲमेझॉनकडे बघा. त्यांनी 2012 साली किव्हा सिस्टिम्स ही रोबोट बनवणारी कंपनी 77.5 कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर त्यांच्या कित्येक गोदामांत कामगार एका जागी उभा राहतो आणि रोबोट मालाचे रॅक उचलून त्याच्यासमोर आणतात. चालणं वाचलं. पण 'रिव्हील' या अमेरिकेतल्या शोधपत्रकारांच्या संस्थेनं 2020 मध्ये कंपनीच्याच आतल्या नोंदी बाहेर काढल्या, आणि 2016 ते 2019 या काळात रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा सुमारे दीडपट निघालं. कंपनीनं हा निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगितलं पाहिजे. (शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं हे शोधून वाचून दाखवलं. मला त्यात नवल वाटलं नाही. सलग वाकणाऱ्या माणसाला वेगळं संशोधन लागत नाही.)

आता बाकड्याचं. गोडाऊनच्या कोपऱ्यात आमचं एक लाकडी बाकडं होतं. जेवायला नव्हे, नुसतं टेकायला. परवा ते उचलून नेलं आणि तिथं फरशीवर पिवळे पट्टे मारले. रोबोटची चार्जिंगची जागा म्हणे. बॅटरी उतरली की तो आपणहून तिथं जाऊन उभा राहणार आणि भरल्याशिवाय हलणार नाही. त्याला कुणी मेमो देणार नाही, "फ्लोअरवर बसलेला दिसलास" म्हणून कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकणार नाही. केरळनं 2018 साली आणि तमिळनाडूनं 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात लिहून दिला. आपल्या कंपनीच्या शाखा दक्षिणेतही आहेत. तिथं स्टूल देता, मग कोल्हापूरच्या गुडघ्यांनी काय घोडं मारलंय?

तिसरी गोष्ट, कोणती ट्रॉली कधी आणायची हे ठरवणार कोण? तुमच्या कागदाप्रमाणे सिस्टिम. सिस्टिमला बिलिंगवरून कळतं काय विकलं गेलं, त्यावरून ती ठरवते काय भरायचं. रोज विकल्या जाणाऱ्या साबणाला हे ठीक आहे. पण उन्हाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाची चटणी करायला काढतात. मिरची बाजारातून येते, पण धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी न्यायला बायका आपल्याकडे येतात, आणि एकेक जण किलोच्या हिशेबानं नेते. हेड ऑफिसची यादी तेव्हाही प्रत्येक शहराला धण्याची सारखीच जागा देते. आम्ही काय करतो, तर नूडल्सचा एक कप्पा दाबून धण्याला जागा करतो आणि वरच्यांना कळायच्या आत माल संपवतो. श्रावणात साबुदाणा, नवरात्रात शेंगदाणे आणि वरी, तसंच. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आम्ही या गावात राहतो म्हणून कळतं.

2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि गाड्या बंद झाल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. गाडीच येत नव्हती, तरी सिस्टिम आपली ऑर्डर टाकतच होती. तेव्हा दूध पावडर, मेणबत्त्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या दारातल्या रॅकवर कुणी आणल्या? एका माणसाला किती द्यायच्या हे कुणी ठरवलं? फ्लोअरवरच्या पोरापोरींनी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे निघालं की खालच्या कप्प्यातली साखर आणि रवा वर सरकवायला आम्ही कुणाच्या मेलची वाट बघत नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एका ओळीची आहे: रोबोटला बोलावण्याचं बटण रॅकसमोरच्या माणसाच्या हातात द्या. आम्ही बोलावू तेव्हा, बोलावू तो माल घेऊन त्यानं यावं, आणि थांब म्हटलं की थांबावं. तो येईल तसं आम्ही पळायचं, हे उलटं आहे.

चौथं, सुरक्षितता. गोडाऊनमध्ये सगळे कामगार असतात, त्यांना शिकवता येतं. फ्लोअरवर रविवारी संध्याकाळी काय असतं ते तुम्ही पाहिलेलं नाही असं मी धरून चालते. दोन ट्रॉल्या समोरासमोर अडलेल्या, मधे फरशीवर बसून चॉकलेटसाठी हातपाय आपटणारं पोर, पावसाळ्यात ठिबकणाऱ्या छत्र्या, फरशी पुसणाऱ्या आक्काची बादली, आणि जमिनीवर पडलेली प्लास्टिकची पट्टी. असे रोबोट बहुतेक लेझरनं आजूबाजूचा नकाशा बांधतात आणि वाटेत काही आलं की थांबतात. लेझर एका उंचीवर फिरत असेल तर त्याच्या खालचं किंवा वरचं त्याला दिसत नाही, काच त्याला नीट कळत नाही. मग कॅमेरे आणि बाकीचे सेन्सर लागतात. तुमच्या यंत्रात काय काय आहे? विनाचालक औद्योगिक ट्रकसाठी आयएसओ 3691-4 हे मानक आहे. ग्राहक आणि पोरंबाळं फिरतात अशा जागेसाठी तुमचं यंत्र कुणी तपासलं आणि कशाच्या आधारावर, हे दाखवा. कुणाच्या पायावर चाक गेलं तर जबाबदार कोण? मीटिंगमध्ये हा प्रश्न एका मुलानं विचारला, त्यावर "असं होत नाही" एवढं उत्तर मिळालं.

कॅमेऱ्यावरून आणखी एक. रोबोटवर कॅमेरा असेल, तर त्याच्या फोटोंत रॅकबरोबर आम्हीही येणार. 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. ते फोटो कोण बघतं, किती दिवस ठेवतं आणि त्यावरून आमचं काम मोजणार आहात का, हे लेखी हवं.

बाहेरच्या देशात सगळीकडे हे चालतं, असं तुमचे सल्लागार सांगतात. चालतं, पण कसं, तेही सांगा. वॉलमार्टनं बोसा नोव्हा कंपनीचे रॅक तपासणारे रोबोट सुमारे 500 दुकानांत फिरवले आणि 2020 च्या नोव्हेंबरात तो करार संपवला. जपानमध्ये फॅमिलीमार्ट या दुकानांच्या साखळीनं 2022 साली 300 दुकानांसाठी टेलएक्झिस्टन्स कंपनीचा रोबोट जाहीर केला. तो फ्रिजच्या मागच्या बाजूनं थंड पेयांच्या बाटल्या आणि कॅन लावतो. गोल, ताठ, एकसारख्या वस्तू. तिथंही तो अडला की दूर बसलेला माणूस त्याचा ताबा घेऊन काम पुरं करतो. जपानमध्ये कामाला माणूस मिळत नाही, म्हणून ही तजवीज. कोल्हापुरात आपल्या दुकानाच्या एका जागेसाठी बारावी झालेल्या पोरांची रांग जिन्यापर्यंत लागते. तिथलं औषध इथं देताना आजार तोच आहे का, हे आधी बघायला नको?

आता नोकरीचं, सरळच लिहिते. आमच्यातले निम्मे एजन्सीच्या कागदावर आहेत. त्यांना काढायला कंपनीला काही करावंच लागत नाही. एजन्सीचा माणूस "उद्यापासून येऊ नको" असा मेसेज टाकतो, झालं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोतं उचलणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा झाला, त्यातून मंडळं उभी राहिली. तेच पोतं आपल्या एसी दुकानाच्या मागच्या दारातून आत आलं की उचलणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. तंत्रात अशी सुधारणा करायची असेल, की जिच्यामुळे कामगारकपात होऊ शकते, तर आधी नोटीस द्यावी लागते आणि 21 दिवस थांबावं लागतं. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं आणि औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही आहे. कपात झालीच तर नियमाची भरपाई वेगळी, आणि नवं कौशल्य शिकण्यासाठी 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम कामगाराच्या खात्यात जायला हवी. हजेरीच्या मशीनवर चिकटवलेला कागद म्हणजे ती नोटीस, असं तुमचं म्हणणं असेल, तर तसं सांगा. मग आम्ही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तोच कागद घेऊन जाऊ.

रात्रीच्या शिफ्टबद्दल नुसती कुजबुज ऐकते आहे. ग्राहक गेल्यावर रोबोट मोकळेपणानं फिरतील, म्हणून माल भरणं रात्री न्यायचं, असा बेत आहे म्हणे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं, आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकानं करायची असते. मी उचगावला राहते. रात्री बारा वाजता तावडे हॉटेलच्या चौकात सोडून "इथनं जा चालत" चालणार नाही.

मागण्या पुन्हा एकदा, गोंधळ नको म्हणून.

रोबोट आल्यामुळे एकाही माणसाला काढणार नाही, कंपनीचा असो वा एजन्सीचा, असं लेखी द्या. टीम लहान करायचीच असेल, तर सोडून जाणाऱ्यांच्या जागा न भरता ती आपोआप होईल. या धंद्यात टिकतं कोण?

रोबोट आधी गोडाऊन ते फ्लोअरच्या दारापर्यंतच चालवा, तोही जड मालासाठी: तेल, आटा, तांदूळ, साखर, पाण्याचे बॉक्स. फ्लोअरवर आणायचा तर दुकान उघडायच्या आधी. चाचणीच्या काळात आमच्यातले दोघं-तिघं त्यात असू देत, आणि चाचणी फसली असं म्हणायचा अधिकारही त्यांना असू दे.

तासाचं टार्गेट वाढवू नका. ट्रॉली आपोआप आली म्हणून वाचलेला वेळ सगळाच्या सगळा खोक्यांना देऊ नका, त्यातला थोडा पाठीला द्या. आणि बाकडं परत ठेवा. चार्जिंगला दुसरी भिंत आहे.

रोबोट थांबवायचं लाल बटण कसं दाबायचं, अडलेला रोबोट हातानं कसा बाजूला करायचा, लाइट गेली तर काय करायचं, याचं प्रशिक्षण झाडूवाल्या आक्कापासून सिक्युरिटीच्या मामांपर्यंत सगळ्यांना द्या, मराठीत, पगारी वेळेत. हे यंत्र सांभाळायला टेक्निशियन लागतीलच. ती माणसं पुण्याहून आणण्याआधी आपल्यातल्या आयटीआय झालेल्या पोरांना विचारा. तेलाच्या रॅकवरचाच एक जण इलेक्ट्रिशियन आहे. दुकानातला बंद पडलेला पॅलेट ट्रक आजवर त्यानंच चालू केलाय, आणि त्याचा जास्तीचा पगार कुणी दिलेला नाही.

शेवटचं, या सगळ्यावर आमच्याशी बसून बोला. व्हिडिओ दाखवून "काही शंका?" विचारण्याला मी बोलणं म्हणत नाही. हेड ऑफिसमधून कुणीतरी यावं, अर्धा दिवस आमच्याबरोबर माल लावावा, मग स्टाफरूममध्ये बसू. मंगळवारी गाडी दुपारनंतर येते, सकाळी सगळे मोकळे असतात. कुठल्या मंगळवारी येता ते त्याच हजेरीच्या मशीनवर लावा.

कळावे,

आपली,
किराणा सेक्शनमधली एक कामगार
कोल्हापूर